शब्दचर्चा : ओपॅसिटी, पारदर्शकता आणि ‘पार्श्वभूमी’

प्रश्न : चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘ओपॅसिटी’ला पारदर्शकता म्हणावं का? आणि बॅकग्राउंड लेअरला (लेअर म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एक) पार्श्वभूमी?

उत्तर : पारदर्शकता नको, अर्थ थेट उलटा होतो. ओपॅसिटी ८० ठेवली की रंग ८० टक्के झाकतो आणि खालचं २० टक्के दिसतं. त्यालाच ‘पारदर्शकता ८०’ म्हटलं, तर शिकणारा स्लायडर भलतीकडे सरकवणार. ‘अपारदर्शकता’ बरोबर आहे, पण बोलायला जड. मी ‘दाटपणा’ म्हणते.

पार्श्वभूमीबाबत तर माझा ठाम विरोध आहे. चित्राची पार्श्वभूमी म्हणजे आकृतीमागचं आकाश, डोंगर, भिंत. ती चार लेअरवरसुद्धा रंगवलेली असू शकते. फोटोशॉपमधला बॅकग्राउंड लेअर ही वेगळीच गोष्ट आहे. तो सगळ्यात खाली असतो, जागचा हलत नाही आणि त्याला पारदर्शकता नसतेच. त्यावर खोडरबर फिरवला तर भोक पडत नाही, निवडलेला बॅकग्राउंड रंग उमटतो. त्याला ‘तळथर’ म्हणावं.

दुसरं मत : तळथर आवडला. दाटपणा मात्र पटत नाही. त्यातून रंगाचा जाड लेप डोळ्यापुढे येतो. शिवाय टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. ५० टक्क्यांच्या लेअरवर ५० टक्क्यांचा दुसरा लेअर ठेवला, तर १०० नाही, ७५ टक्के झाकलं जातं, कारण वरचा लेअर अर्धं झाकतो आणि खालचा उरलेल्या अर्ध्याचं अर्धं. म्हणून ‘झाकण्याचं प्रमाण’ म्हणू या. लांबट आहे, पण चुकवत नाही.

पहिलीच : मान्य, ‘झाकण्याचं प्रमाण’च म्हणू. त्याला जोडूनच ‘पांढरा’ आणि ‘रिकामा’ हे शब्दही काटेकोर वापरायला हवेत. पांढऱ्या पिक्सेलमध्ये रंग असतो, तो खालचं झाकतो. रिकाम्यात अल्फा शून्य असतो. हा अल्फा म्हणजे पिक्सेल किती झाकतो त्याची नोंद, ८ बिटच्या फाइलमध्ये ० ते २५५. पडद्यावरचे राखाडी-पांढरे चौकोन फक्त रिकामी जागा दाखवतात, ते चित्रात नसतात. पीएनजी प्रकारच्या फाइलमध्ये अल्फा टिकतो. जेपेग फाइलमध्ये त्याला जागाच नाही, त्यामुळे रिकामा भाग बहुधा पांढरा होऊन बाहेर पडतो.

तिसरं मत : गिम्प या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्येही लेअरला अल्फा चॅनल नसेल तर खोडरबर बॅकग्राउंड रंगच लावतो. म्हणजे ‘तळथर’ ही जागा झाली, ‘अल्फा नसलेला’ हा गुण. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये तळाचा लेअरही खोडून रिकामा करता येतो. शब्द ठरवताना या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवा.