बिअर्डेड ड्रॅगनच्या टँकमध्ये लाल मुंग्या, आणि रविवारी पेस्ट कंट्रोल

मंगळवारपेठी:
मंडळी, जरा घाईत लिहितोय. माझ्याकडे काचेच्या टँकमध्ये पाळलेला दोन वर्षांचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे एक पाळीव सरडा आहे, नाव पैलवान. घर कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं, मातीच्या भिंतींचं. पाऊस लागला की भिंतीतनं मुंग्या निघणारच. त्यात वडील दरसाल दहा किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आणून स्वयंपाकघरात ठेवतात. आजवर मुंग्या त्या गुळावरच खूश होत्या.

परवा रात्री दीडला पाणी प्यायला उठलो तर टँकच्या काचेवर नख्यांचा आवाज. बॅटरी मारली. पैलवानाची गळ्याखालची दाढी, भेदरला की होते तशी, कोळशासारखी काळी, आणि डाव्या डोळ्याभोवती सात-आठ लाल मुंग्या चिकटलेल्या. संध्याकाळी टाकलेले दोन रातकिडे त्यानं खाल्ले नव्हते, ते मेले होते आणि त्यांच्यावर रांग लागली होती. चूक माझीच. कोमट पाण्यात धरून कापसानं मुंग्या एकेक काढल्या. पापणी अजून सुजलेली आहे, पण डोळा उघडतो.

काल टँक पूर्ण धुतला, टेबल भिंतीपासून सरकवलं, आजीनं चारी पायांभोवती हळदीची रेघ मारली. सकाळी रांग परत आत! आता काकूनं रविवारी पेस्ट कंट्रोलवाला बोलावलाय, झुरळांसाठीसुद्धा. त्याला विचारलं तर म्हणाला, "सरड्याला काय होतंय, पालींना तरी कुठं काय होतंय?" इथल्या एका डॉक्टरांना फोन केला, ते फक्त कुत्री-मांजरं बघतात. काय करू सांगा.

दूधकट्टा:
भावा, मुंग्यांचा खडू आण आणि टँकभोवती गोल मार. दहा रुपयांत विषय संपला.

बॉलपायथनवाला:
खडू अजिबात नको. त्यात पायरेथ्रॉइड असतं, किड्यांच्या नसा बिघडवणारं औषध. सरपटणाऱ्यांनाही ते बाधतं, आणि थंड रक्ताच्या जिवाच्या अंगातनं लवकर निचरत नाही. ड्रॅगन तर दिसेल त्याला जीभ लावून बघतो, खडूची भुकटी सरळ पोटात जाईल. मुंगी चावली तर पापणी सुजते, चार दिवसांत उतरते. औषध पोटात गेलं तर थरथर सुटते, आणि मग आपल्या हातात फार काही राहत नाही.

पेस्ट कंट्रोल करायचंच असेल तर फवारा नको म्हणून सांगा, झुरळांसाठी जेल लावून घ्या. फवाराच मारणार असतील तर पैलवान, त्याचा टँक, भांडी, रातकिड्यांचा डबा, सगळं आदल्या दिवशी दुसऱ्या घरी हलवा. फवारा पूर्ण वाळल्यावर, दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवूनच परत आणा. टँकवर नुसती चादर टाकून भागत नाही.

मुंग्यांवर जुना उपाय करा. आमच्या आजीचं जाळीचं कपाट आठवतं का कुणाला, पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या? तेच. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर मुंग्या पाण्याच्या सायीवरनं चालत जातात. आठवड्याला पाणी बदला, डेंग्यूचे डास तिथंच वाढतात.

राजारामपुरीची_ताई:
जेलबद्दल एक भर. जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, घरभर फिरत राहतं. ते टँकमध्ये शिरलं आणि ड्रॅगननं खाल्लं तर विष त्याच्या पोटात. झाकणाच्या फटी बघा. आणि कपाटातल्या डांबर गोळ्या त्या खोलीत नकोत.

घरातले किडे पकडून खायला देणारेही असतात, म्हणून सांगते, कृपा करून नको. विशेषतः काजवे. मे-जूनमध्ये राधानगरीला काजवे बघायला जातो आपण, कुणाची तरी पोरं बाटलीत भरून आणतातच. अमेरिकेतल्या काही काजव्यांच्या अंगात हृदय बंद पाडणारं विष असतं आणि ते खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या काजव्यांवर प्रयोग करायची गरज नाही.

मूळ वारूळ संपवायचं असेल तर बोरिक पावडर, कॅरमवर टाकतो ती. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि फक्त १ ग्रॅम बोरिक. जास्त टाकलं तर मुंग्या वाटेतच मरतात, घरी नेतच नाहीत. कापसाचा बोळा भिजवून रांग जिथनं निघते तिथं ठेवा, टँकपासून लांब, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा.

मंगळवारपेठी:
वाट्या ठेवल्या, साबण टाकला. रात्री अकराला रांग परत आत! डोकं फिरलं. मग खुर्ची टाकून बसलो, वीस मिनिटं नुसतं बघत. टेबलाच्या पायांकडे एकही मुंगी नाही. त्या येत होत्या वरनं, प्लगपासून टँकवरच्या दिव्याच्या वायरवरनं थेट झाकणात. चार दिवस मी खाली हळद मारतोय आणि ह्या वायरीवरनं दसरा चौकात फिरायला आल्यासारख्या उतरतायत.

बॉलपायथनवाला:
हा हा. वायरवर प्लगच्या बाजूला वीतभर व्हॅसलिन लावा, प्लग काढून. दिव्याजवळ नको, वितळतं.

मंगळवारपेठी:
लावलं. दोन रात्री टँक कोरडा, एक मुंगी नाही. रातकिडे आता मोजून टाकतो आणि अर्ध्या तासानं उरलेले काढतो, भोपळ्याच्या फोडीसुद्धा. पापणी उतरलीय, काल सुपरवर्म अळ्या खाताना दाढी पिवळी होती. काकू जेलवर तयार झाली, पण झुरळं खरंच मरतात का ते बघून सांगते म्हणाली. गुळाचा रवा मात्र वडील हलवायला तयार नाहीत. बोळा त्याच्यामागच्या भेगेपाशी ठेवलाय, गुळापासून हातभर लांब. आजी रोज विचारते, तो कापूस कशाचा.