सातारा हिल हाफ मॅरेथॉन: पाऊस, धुकं आणि ओला उतार. तयारी कशी करावी?

ठाणेकर_२१के

नमस्कार मंडळी,

साताऱ्याच्या हिल हाफला नाव नोंदवलंय. गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, वरून वळायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं, एवढं ठाऊक आहे. सपाटीवर हाफला (२१ किमी) सव्वादोन तास लागतात. घाटात आणि भर पावसात मात्र ही पहिलीच वेळ.

विंडचीटर घालून पळायचं की नाही? वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का? ओल्या उतारावर घसरू नये म्हणून काय करायचं? पावसात तहान लागत नाही, तर पाणी किती प्यायचं? चष्मा आहे, त्याचंही सांगा. हातात पाच आठवडे आहेत.

घाटमाथा

बुटांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. वॉटरप्रूफ बूट अजिबात घेऊ नका. रस्त्यावरून पाणी वाहत असताना ते घोट्याकडून आत शिरतं आणि अस्तरामुळे बाहेर पडत नाही. मग पाय डबक्यात ठेवून पळल्यासारखं होतं. साध्या जाळीच्या बुटात पाणी शिरतं तसं निघूनही जातं. तळवा मात्र उलटा करून नीट बघा. टाचेची बाहेरची कड आणि चवड्याखालचं रबर झिजून आतला फोम उघडा पडला असेल, तर तो बूट कोरड्या रस्त्यावर चालेल, ओल्या डांबरावर नाही. नवा जोड घेणार असाल तर आत्ताच घ्या. शर्यतीपूर्वी तो निदान ४०-५० किमी पळलेला हवा आणि त्यातली एखादी ८-१० किमीची धाव पूर्ण भिजून झालेली हवी. बूट कुठे घासतो हे तो ओला झाल्यावरच कळतं.

मोजे पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि बोटांखाली त्याची घडी पडते. भिजून मऊ झालेल्या कातडीवर ती घडी अर्ध्या तासात फोड आणते. टी-शर्टचंही तसंच. सुती टी-शर्ट भिजला की ओल्या टॉवेलसारखा अंगाला चिकटून लोंबतो.

आता सोलवटण्याचं. पावसात घाम आणि पाणी मिळून काखा, मांड्यांची आतली बाजू, कमरेचा पट्टा आणि बायकांना ब्राच्या खालची पट्टी हमखास सोलवटते. पुरुषांच्या स्तनाग्रांतून तर रक्त येतं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी अंग पूर्ण कोरडं करा, स्तनाग्रांवर कापडी चिकटपट्टी लावा, आणि त्यानंतर बाकी ठिकाणी व्हॅसलीन. व्हॅसलीन आधी लावलंत तर त्या हातांनी पट्टी चिकटत नाही. साधं बँड-एड पहिल्या सरीतच निघून येतं. व्हॅसलीन हात राखून लावू नका, चांगला थर हवा, पायाच्या बोटांच्या मध्येसुद्धा. अडीच तासांच्या वर लागणार असतील तर चिमूटभर प्लास्टिकच्या पुडीत बरोबर ठेवा.

विंडचीटर नको. चढावर अंग इतकं तापतं की आतून घामाने भिजाल आणि बाहेरून पावसाने. सुरुवातीला रांगेत अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं, तेवढ्यापुरती कचऱ्याची मोठी प्लास्टिक पिशवी पुरते. तळाला डोक्यासाठी एक आणि बाजूंना हातांसाठी दोन भोकं पाडायची. निघताना ती कचऱ्याच्या डब्यातच टाका. तो कास पठाराकडे जाणारा रस्ता आहे, कडेला भिरकावलेली पिशवी थेट ओढ्यात जाते.

संथ_पण_सलग

घाटमाथा यांच्या बाकी सगळ्याला +१, विंडचीटरवर मात्र माझं मत वेगळं आहे.

सव्वादोन-अडीच तासांत परतणाऱ्याला तो नको, हे बरोबर. पण बरेच जण घाटाचा निम्मा चढ चालतात आणि त्यांना तीन तासांच्या वर लागतात. चालताना शरीर पळण्याइतकी उष्णता तयार करत नाही. त्यात वर पोचल्यावर झाडांचा आडोसा संपतो आणि वारा थेट ओल्या अंगावर येतो. अशांनी मुठीत मावेल असा पातळ, अस्तर नसलेला विंडचीटर कमरेला गुंडाळावा, चढताना घालू नये, वळणाच्या ठिकाणी वारा असेल तर घालावा. जाड रेनकोट दोघांनाही नकोच.

चष्म्यासाठी दोन गोष्टी. पुढे कडक झापड असलेली टोपी घाला, थेंब काचेवर येत नाहीत. आणि आदल्या रात्री भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब दोन्ही काचांना आतून चोळून, न धुता, मऊ कापडाने काच स्वच्छ दिसेपर्यंत पुसा. वाफ बरीच कमी धरते.

उतारपाय

माझ्या मते या शर्यतीत चढाची चिंता कमी आणि उताराची जास्त करायला हवी. चढावर दम लागला तर चालता येतं. उतार पाय मोडून घेतो, आणि तोही ओला.

कारण असं. उतरताना पुढच्या मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. सपाटीवर त्याला हे काम फारसं पडत नाही, म्हणून स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. शेवटच्या चार-पाच किलोमीटरला मांड्या थरथरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. थरथरत्या मांडीने पाऊल कुठे पडतंय यावर ताबा राहत नाही, आणि नेमकी तेव्हाच घसरगुंडी होते.

पावलं छोटी आणि भरभर टाका. पाऊल शरीराच्या खाली पडायला हवं, पुढे नाही. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, पाय लांब टाकतो आणि टाचेवर ब्रेक मारतो. ओल्या रस्त्यावर नेमकी ती टाच सटकते आणि आपण पाठीवर पडतो. घोट्यापासून सगळं अंग किंचित पुढे ठेवा, कोपर थोडे बाहेर, नजर चार-पाच मीटर पुढे. वेग जास्त वाटला तर ब्रेक लावू नका, पावलं आणखी छोटी करा.

रस्त्यावर कुठे पाय ठेवायचा हे तर याहून महत्त्वाचं. पांढरे-पिवळे रंगवलेले पट्टे, झेब्रा आणि कॅट-आय (रस्त्यात ठोकलेली चमकती बटणं) ओले झाले की काचेसारखे होतात, त्यावर पाय नकोच. डोंगराच्या बाजूची गटाराजवळची कड शेवाळलेली असते आणि वरून वाहून आलेली लाल माती तिथेच साचते. वळणावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर ते गाड्यांचं तेल, त्याला वळसा घाला. मोटारींची चाकं जिथून जातात तिथलं खरखरीत डांबर सगळ्यात भरवशाचं. वळण आतल्या बाजूने कापायचा मोह होतो, पण आतली बाजू जास्त उभी असते आणि शेवाळही तिथेच. पाण्याच्या टेबलाजवळ चेपलेले कप आणि केळीच्या साली पडलेल्या असतात, तिथे दहा पावलं चाला. दहा सेकंद जातील, जाऊ द्या.

धुक्यात आणखी एक. जाणारे आणि येणारे धावपटू एकाच रस्त्यावर असतात. वळणावर कुणाला ओलांडायला मधल्या रेषेपलीकडे जाऊ नका, समोरून उतारावर येणाऱ्याला थांबता येत नाही.

बुटाची नाडी अशी बांधा: वरती घोट्याजवळ एक जादा भोक असतं, जे सहसा रिकामं राहतं. नाडी त्यात बाहेरून आत घालून त्याच बाजूला छोटा फास ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावी नाडी उजव्या फासातून आणि उजवी डाव्या फासातून ओवून खाली ओढा आणि दुहेरी गाठ मारा. टाच मागे जखडून राहते, बोटं पुढे आपटत नाहीत, नखं काळी पडत नाहीत. नखं तीन-चार दिवस आधी सरळ कापा.

ठाणेकर_२१के

मनापासून आभार. उतारपाय, पाच आठवड्यांत उताराचा सराव किती करू? येऊर जवळ आहे. आणि आमच्याकडे जोराच्या पावसात रस्त्यावर घोटाभर पाणी साचतं, त्यातून पळणं चालेल का?

उतारपाय

येऊरचा डांबरी रस्ता छान आहे. आठवड्यातून एकदाच: २०० ते ३०० मीटरचा मध्यम उतार, पहिल्या आठवड्यात ४ वेळा, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ६. चौथ्यात एक लांब धाव घ्या, निम्मी चढ, निम्मी उतार, १४ ते १६ किमी. शेवटच्या १० दिवसांत उताराला हात लावू नका. स्नायू दुरुस्त व्हायला वेळ हवा, शिवाय एकदा उताराचा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच मार कमी लागतो. ते संरक्षण मिळवण्यासाठीच हा सराव. पहिल्याच दिवशी ६ फेऱ्या मारल्यात तर आठवडाभर लंगडाल.

घड्याळातल्या पेसवर (किलोमीटरला किती मिनिटं) घाटात विसंबू नका. कड्यांवरून सिग्नल परावर्तित होतो आणि आकडे उड्या मारतात. किलोमीटरच्या पाट्या बघा आणि श्वासावर वेग ठरवा: चढावर छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. टचस्क्रीन घड्याळ असेल तर स्क्रीन लॉक करा, पावसाचे थेंब बोटासारखे काम करून रेकॉर्डिंग थांबवतात.

डॉ_धावती

साचलेल्या पाण्याचं आधी. त्यातून पळू नका. घोटाभर गढूळ पाण्यात उघडं गटार दिसत नाही, आणि उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस पायावरच्या बारीक जखमेतून शिरतो. फोड फुटलेला पाय म्हणजे उघडं दारच. चुकून त्यातून गेलात आणि पायाला जखम असेल तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा.

आता पिण्याचं पाणी. पाऊस थंड वाटतो, पण हवेत आर्द्रता शंभराच्या जवळ असते. घाम येतो, उडून मात्र जात नाही, त्यामुळे चढावर शरीर आतून तापतच राहतं. अंग ओलंच असल्याने घाम किती गेला हे कळत नाही. म्हणून एकदा मोजून घ्या. सरावाला एक तास पळण्याआधी कपडे काढून वजन करा, पळून आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. जितके किलो कमी, साधारण तितके लिटर घाम, मध्ये पाणी प्यायलात ते त्यात मिळवा. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिलि पुरतं. घाम गेला त्यापेक्षा जास्त पिऊ नका. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ होते, डोकं दुखतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. हा धोका हळू पळणाऱ्यांना अधिक, कारण ते प्रत्येक टेबलाशी थांबून पितात.

ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी घातली की पोट ढवळतं. जेल (पळताना ताकदीसाठी खायचं गोड, घट्ट मिश्रण) नेणार असाल तर पाकिटाला घरीच कात्रीने छोटी खाच द्या. गारठलेल्या, ओल्या बोटांना ते फाडता येत नाही. खजूर त्यापेक्षा सोपा, बिया काढून झिपच्या पिशवीत ठेवा. पळण्याआधी वेदनाशामक गोळी नको. शरीरातलं पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला त्रास देते.

आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते: फिनिशनंतरची वीस मिनिटं. पळताना गारठा जाणवत नाही, थांबलात की उष्णता तयार होणं एकदम घटतं. ओल्या कपड्यांतून अंगाची उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी झपाट्याने निघून जाते. २०१८च्या बॉस्टन मॅरेथॉनला थंड पाऊस आणि समोरचा वारा होता, तेव्हा जगातले कसलेले धावपटूही मध्येच थांबले. २०२१ साली चीनमधल्या गान्सूच्या १०० किमीच्या डोंगरी शर्यतीत गारपीट आणि वाऱ्यात २१ जण दगावले. साताऱ्याची थंडी तेवढी नाही, पण दमलेलं, ओलं शरीर वीस अंशांतही कुडकुडतं. पदकाचे फोटो नंतर. आधी काउंटरवर जमा केलेली बॅग घ्या, वरचे सगळे ओले कपडे काढा, अंग पुसा, कोरडा टी-शर्ट, त्यावर स्वेटर, डोक्याला कोरडी टोपी, मग गोड चहा. बरोबरचा माणूस अडखळत बोलू लागला, त्याला चेन लावता येईना, किंवा कुडकुडणं थांबूनही तो गुंगल्यासारखा वाटला तर लगेच वैद्यकीय तंबूत न्या. हातपाय चोळत बसू नका.

ताप असेल तर पळायचंच नाही. दम्याचा पंप असेल तर तो बॅगेत नाही, खिशात.

संथ_पण_सलग

डॉक्टरांनी बॅगेचं सांगितलं, त्यात भर. बॅग काउंटरवर पावसात पडून राहू शकते, म्हणून आतले कपडे वेगळ्या प्लास्टिक पिशवीत गाठ मारून ठेवा. वर टॉवेल, त्याखाली टी-शर्ट, सगळ्यात खाली चपला, म्हणजे थरथरत्या हातांनी शोधावं लागत नाही. फोन झिपच्या दोन पिशव्यांत, एकात एक. बिब (छातीवरचा नंबरचा कागद) चारही कोपऱ्यांना पिना लावून पसरट लावा, वेळ नोंदवणारी चिप बिबच्या मागे असेल तर घडी घालू नका आणि वरून विंडचीटरने झाकू नका.

ठाणेकर_२१के

शेवटचं एक: रविवारी भिजलेले बूट बुधवारी पुन्हा घालता येतील का?

घाटमाथा

येतील, पण त्याच रात्री काम करावं लागेल. नाडी आणि आतला सोल काढा, साध्या पाण्याने चिखल धुवा. वर्तमानपत्राचे बोळे करून नाकापर्यंत कोंबा. तासाभराने ते ओले होतील, ते काढून नवे भरा, असं तीनदा. मग बूट आडवे ठेवून पंख्याखाली. हेअर ड्रायर, हीटर किंवा कडक ऊन नको, तळव्याचा गोंद सुटतो. सोल वेगळा वाळवा, तोच सगळ्यात उशिरा सुकतो. बुधवारी बुटाच्या नाकात बोट घालून बघा. गार लागलं तर अजून ओलं आहे, गुरुवारी घाला.