बर्गंडीत गाड्या टाळून ४ दिवस सायकल: आधी द्राक्षमळे की आधी नदीकाठ?

डबलसीट:
मंडळी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रान्सच्या बर्गंडीत ४ दिवस सायकल चालवायची आहे. आम्ही दोघं आणि ११ वर्षांची मुलगी. तिला गाड्यांच्या रस्त्यावर घालायचं नाही, एवढीच अट. शालोंहून जिव्री, क्लुनी, माकों असं टेकड्यांतून जायचं आणि सोन नदीच्या काठाने परत शालोंला यायचं, असं वर्तुळ नकाशावर दिसतंय. मुलीला चढ झेपतील का? फिरायचं कुठल्या दिशेने? भाड्याच्या हायब्रिड सायकलला ३८ मिमीचे टायर आहेत, ते चालतील का? मी आणि मुलगी शाकाहारी आहोत, खायचं काय? वायनरीतही थांबायचं आहे, पण बेताने.

काठाकाठाने:
चढाचं सोडा. या वर्तुळात दमवतो तो सपाट भाग.

जिव्री ते क्लुनी ही ४४ किमीची वाट जुन्या रेल्वेमार्गावर आहे. रूळ उखडून डांबर घातलं आणि १९९७ मध्ये ती सायकलींना खुली झाली. फ्रान्समधली ही पहिली ‘व्होआ व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट. वाफेच्या इंजिनाला उभा चढ चढवत नाही, म्हणून आखणाऱ्यांनी जिथे टेकडी आली तिथे ती कापली, खोलगट भागात भराव घातला, बाकी वळसे घेतले. त्यामुळे भोवती द्राक्षमळ्यांच्या टेकड्या असल्या तरी चाकाखालचा चढ २ टक्क्यांच्या आसपासच राहतो. डोळ्यांना तो दिसतही नाही. वेग ताशी १६ वरून १३ वर आला की समजायचं, चढ लागला. मुलीला तेव्हा एक गिअर खाली घ्यायला सांगा, पायडल फिरतं राहू दे.

नदीकाठचं गणित उलटं. माकों ते तूर्न्यू ३४ किमी, तूर्न्यू ते शालों साधारण ३२. उंचीचा फरक नसल्यात जमा, पण वाट उघडी आणि सावली तुटक. सोनच्या खोऱ्यात ‘बीझ’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा वाहतो. तो समोरून आला की आडोसा नाही, आणि उतारच नसल्याने पाय थांबवून घरंगळायचीही सोय नाही. मुलं इथेच रडकुंडीला येतात.

दिशेबाबत माझा सल्ला: निघण्याच्या ३-४ दिवस आधी वाऱ्याचा अंदाज बघा. दक्षिणेचा वारा असेल तर तुमचा बेत ठीक, परतताना वारा पाठीशी राहील. उत्तरेचा असेल तर वर्तुळ फिरवा: नदीकाठाने दक्षिणेला माकोंपर्यंत उतरा आणि टेकड्यांतून उत्तरेला या. तिकडे झाडी आणि कापलेले डोंगर वारा अडवतात.

स्पोकवाला:
वाऱ्याचं सगळं बरोबर, पण सप्टेंबरात तो सल्ला पाळता येणार नाही. तेव्हा द्राक्षतोडणी चालू असते आणि लहान गावांतल्या खोल्या आधीच गेलेल्या असतात. ४ दिवस आधी मुक्काम उलटेपालटे कोण करून देणार? त्यापेक्षा ठरल्याप्रमाणे टेकड्यांतून निघा आणि नदीकाठ शेवटी ठेवा. कारण वारा नाही, रेल्वे आहे. माकों, तूर्न्यू आणि शालों दिजों-ल्यों मार्गावर आहेत. तिथल्या प्रादेशिक गाडीत, म्हणजे टीईआरमध्ये, सायकल फुकट नेता येते. वारा नडला की तूर्न्यूला गाडी पकडायची. जिव्री-क्लुनी पट्ट्यात ही सोय नाही. तिथली रेल्वे गेली म्हणून तर सायकलवाट आली.

दिवस असे पाडा:
१ला: शालों ते साँ-जाँगू, ३५ किमीच्या आत.
२रा: कोर्माताँचा वाडा बघत क्लुनी, २०-२२ किमी. दुपार मठाच्या अवशेषांसाठी मोकळी ठेवा.
३रा: क्लुनी ते माकों, २८ किमी.
४था: माकों ते तूर्न्यू, पुढे गाडी. पायात जीव असेल तर शालोंपर्यंत चालवा.

पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे अतिवेगवान गाडीने, येणार असाल तर भाड्याची सायकल घेताय ते उत्तमच. स्वतःची असती तर अख्खी सायकल न्यायला आगाऊ आरक्षण लागलं असतं, नाहीतर चाकं काढून १३०×९० सेंमीच्या पिशवीत बसवावी लागली असती.

टायर ३८ पुरे. वाट बहुतेक डांबरी, नदीकाठी काही ठिकाणी दाबलेली बारीक खडी. ७५ किलोचा माणूस आणि मागे १२ किलो सामान असेल तर मागच्या चाकात हवेचा दाब ४५ पीएसआय, पुढच्यात ४०. दुकानवाले बऱ्याचदा ६०-६५ भरून देतात. तेवढ्यावर खडीत चाक उड्या मारतं आणि मनगटं भरून येतात. मुलीच्या सायकलला ३० पुरेल, पण तिच्या टायरवर कडेला किमान दाब छापलेला असतो, त्याच्या खाली जाऊ नका.

पंक्चर काचेपेक्षा काट्याने जास्त होतं. वाटेकडेच्या कुंपणझाडांची यंत्राने छाटणी झाली की काटेरी तुकडे डांबरावर पसरतात. ट्यूब बदलताना टायरच्या आतून चिंधी फिरवा. नुसतं बोट फिरवलंत तर काटा बोटात जाईल, चिंधी तिथेच अडकून जागा दाखवते. टोक बाहेरून दिसत नाही. आतून ढकलून पकडीने उपटावं लागतं. तो न काढता नवी ट्यूब घातली तर १० मिनिटांत तीही बसते. आणि मुलीचं चाक २४ इंची असेल तर तिची ट्यूब वेगळी लागेल, हे दुकानातच बघा. तुमचे वॉल्व बारीक प्रेस्टा आणि तिचा गाडीसारखा जाड, असंही होतं. पंप दोन्ही चालणारा मागून घ्या.

खारीबटर:
बोगद्याबद्दल कुणीच बोललं नाही! क्लुनी आणि माकोंच्या मधे ब्वा-क्लेरचा बोगदा आहे, १६०० मीटर. दिवसा आत दिवे असतात. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात आणि खिंडीतून वर चढून जावं लागतं. सप्टेंबरात ती अडचण नाही. तोंडाशी येण्याआधी उन्हाचा चष्मा काढा. भर उन्हातून आत शिरलं की पहिले काही क्षण काहीच दिसत नाही, आणि समोरून चालत येणारे लोक नेमके तिथेच असतात. मुलगी मधे, एक मोठं माणूस मागे. आत गारठा असतो आणि छतातून ठिबकतं, म्हणून विंडचीटर पिशवीच्या तळाशी नको. पुढचा-मागचा दिवा आधीच लावून ठेवा.

फ्रान्समध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, म्हणजे मुलीला लागणारच. हिरवी वाट गावरस्ता ओलांडते तिथे बहुधा सायकलनेच थांबायचं असतं. वाटेवर मधोमध खांब किंवा आडवे दांडे दिसले की पुढे रस्ता आहे असं समजा. रुंद पॅनियर (कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या) त्यात अडकतात, सरळ आणि हळू काढा.

आता खाणं. सोमवारी बरीच दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर तेच. उपाहारगृहात दुपारचं जेवण १२ ते २ या वेळातच. अडीचला गेलात तर कॉफीवर भागवा. बेकरीतला पारंपरिक लांबट पाव, ‘बागेत’, बिनधास्त घ्या, त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच असतं. कीश (अंडं-सायीचं सारण भरलेला खारा पाय) घेताना आत ‘लार्दों’ नाहीत ना विचारा, ते डुकराच्या मांसाचे तुकडे, सॅलडवरही पडतात. चीजबद्दल काटेकोर असाल तर इथली पारंपरिक चीजं बहुतेक वासराच्या पोटातल्या विरजणाने बनतात. त्याला ‘प्रेझ्यूर’ म्हणतात. शहरातल्या सुपरमार्केटमध्ये वेष्टनावर वाचून ठरवता येतं, गावच्या बाजारात नाही. पिठलं-भाताची पाकिटं नेणार असाल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.

शेवटचा_गिअर:
वायनरीचं मी सांगतो. बक्सी (लिहितात एक्सने, म्हणतात ब्युसी) इथे १९३१ची सहकारी वायनरी सायकलवाटेला लागूनच आहे. तिथली माँताञी ही पांढरी वाइन, शार्दने द्राक्षाची. त्याआधी जिव्रीत लाल, पिनो न्वारची. रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, म्हणून चव घेऊन थुंकायचं भांडं वापरा. त्यात कुणाला अपमान वाटत नाही, जाणकार तेच करतात. भरलेली बाटली सव्वा किलोच्या पुढे जाते. घ्यायचीच तर एक, पॅनियरच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळून, आणि उन्हाच्या विरुद्ध बाजूला.

बोन ते सांतने ही २२ किमीची द्राक्षमळ्यांतली वाट जोडायचा मोह होईल. पोमार, व्होलने, मरसो अशी मोठी नावं तिच्यावर आहेत, मळे २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत. पण तुमच्या अटीत ती बसत नाही. ती रेल्वेची पट्टी नाही, शेतरस्ता आहे. तोडणीत वेलींच्या ओळीवरून चालणारे उंच ट्रॅक्टर आणि द्राक्षांच्या ट्रॉल्या तिथूनच जातात. चालक इतका उंच बसतो की जवळची लहान सायकल त्याला दिसेलच असं नाही. वळणांवर सांडलेली द्राक्षं चिरडून सिमेंटवर चिकट थर होतो, त्यावर ब्रेक दाबला की चाक सरकतं. व्होलनेचे चढही रेल्वेछाप नाहीत.

डबलसीट:
बोन रद्द. स्पोकवाल्यांचे ४ दिवस पक्के करतोय. एकच: सोनला पूर आला तर?

काठाकाठाने:
सप्टेंबरात शक्यता कमी, तिचे पूर जास्त करून हिवाळ्यात आणि वसंतात. पण ही नदी फार संथ आहे. पाणी एकदा पसरलं की काठच्या कुरणांवर दिवसेंदिवस उभं राहतं आणि ओसरल्यावर वाटेवर साबणासारखा चिखल सोडून जातं. सायकलवाट पाण्यात दिसली तर ‘घोटाभर तर आहे’ म्हणून घालू नका, कडा कुठे संपते ते दिसत नाही. माकोंहून सरळ टीईआर पकडा. सायकलींची जागा मोजकीच असते, तेव्हा शाळा-ऑफिस सुटायची गर्दी टाळून दुपारची गाडी बघा, आणि डब्यात चढण्याआधी पॅनियर उतरवून हातात घ्या.