लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) मादी ब्रीडिंगला तयार आहे हे कसं ओळखायचं?

फोंडा: माझी मादी वर्षाची होतेय, वजन ३८ ग्रॅम, खाते मस्त. नरासोबत सोडू का?

मडगाव: नको रे, थांब अजून! नुसतं वय बघू नको, निदान ४५-५० ग्रॅम होऊ दे आणि शेपूट जाडजूड हवं कारण चरबी तिथेच साठते आणि अंड्यांच्या वेळी तीच कामाला येते, त्यात कॅल्शियम कमी पडलं तर हाडं मऊ पडतात, मादी हातची जाऊ शकते.

म्हापसा: वजन झालं की पोटाखालून टॉर्च मारून बघ, कातडीतून गुलाबीसर गोल दिसले तर आत अंडी तयार होतायत. आणि मूळ कोरड्या भागातला प्राणी आहे, आपल्या पावसाळ्यात टाकीत हवा खेळती ठेव प्लीज.

फोंडा: बरं, थांबतो. कॅल्शियम व्हिटॅमिन डी३वालं घेऊ ना?

मडगाव: हो, तिला खायला देतोस त्या किड्यांवर भुरभुरून दे.