विषय: शनिवारचं ऑनलाइन भजन – लय का तुटते, टाळ का ऐकू येत नाहीत, आणि आईवडिलांचा फोन

प्रेषक: शुभा (सांस्कृतिक समिती)
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

मंडळी, सप्रेम नमस्कार.

बर्फामुळे किंवा शस्त्रक्रियेनंतर घराबाहेर पडू न शकणारे आपले सभासद, आणि भारतात एकटे राहणारे आईवडील, या सगळ्यांसाठी २१ फेब्रुवारीपासून दर शनिवारी झूमवर तासभर भजन आणि गप्पा ठेवत आहोत. इथे न्यूयॉर्कच्या वेळेने सकाळी ९, भारतात संध्याकाळी ७:३०. मंडळाचं खातं पैसे भरून घेतलेलं आहे, त्यामुळे ४० मिनिटांनी मीटिंग तुटणार नाही.

जाणकारांना तीन प्रश्न. सगळ्यांनी एकत्र आरती म्हटली की गोंधळ होतो, त्याला काही उपाय आहे का? टाळ आणि तबला पलीकडे पोचतच नाहीत, ते का? आणि भारतातल्या ज्येष्ठांचे फोन आधी कसे तयार करून ठेवायचे?

शुभा

---

प्रेषक: नंदू
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

> सगळ्यांनी एकत्र आरती म्हटली की गोंधळ होतो, त्याला काही उपाय आहे का?

शुभाताई, नाही. महागडं इंटरनेट घेऊनही नाही, दुसरं ॲप घेऊनही नाही. एकदा हिशोब मांडतो, म्हणजे दर गणपतीत हा प्रश्न परत यायला नको.

न्यूयॉर्क ते मुंबई सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली असती तरी एका बाजूनेच ६० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला असता. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते. शिवाय फोन आवाजाचे तुकडे करतो, सर्व्हर ते वाटतो आणि पलीकडचा फोन तुकडे मागेपुढे होऊ नयेत म्हणून थोडे साठवून मगच वाजवतो. एकूण पाव सेकंद सहज जातो.

गप्पांना पाव सेकंद चालतो, लयीला चालत नाही. एकत्र वाजवणाऱ्यांना २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सोसतो, म्हणजे आठ-दहा मीटर लांब बसलेल्या माणसाचा आवाज पोचायला लागतो तेवढा. त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघायला लागतो आणि लय मंदावत जाते. मिनिटाला १२० मात्रांच्या केरव्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. पाव सेकंद उशीर म्हणजे अर्धी मात्रा. तुमचा आवाज तिकडे अर्धी मात्रा उशिरा पोचला, त्यांचा तुमच्याकडे आणखी अर्धी मात्रा उशिरा आला, म्हणजे समोरचा अगदी बिनचूक गात असला तरी तुमच्या कानाला तो पूर्ण मात्रा मागे. दोघंही बरोबर आणि दोघांनाही दुसरा चुकल्यासारखा वाटतो!

म्हणून: एकच घर गाणार, बाकी सगळे माइक बंद करून आपापल्या घरी मोठ्याने म्हणणार. गायक, पेटी आणि तबला एकाच खोलीत. तबलजी दुसऱ्या घरात असेल तर त्या दिवशी तबला नाही. यजमानाने 'म्यूट ऑल' दाबताना खालची 'सहभागींना स्वतः माइक सुरू करू द्या' ही खूण काढून टाकावी, नाहीतर तिसऱ्या कडव्याला कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होतेच.

यात एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. पुढे म्हणणाऱ्याला समोरून काहीच ऐकू येत नाही आणि तो भिंतीला भजन ऐकवल्यासारखा गातो. त्याच्याबरोबर त्याच खोलीत धृपद उचलणारा एक तरी माणूस बसवा. नुसत्या पडद्याकडे बघून अर्धा तास गाणं अवघड असतं.

आता टाळ. झूमला माणसाचं बोलणं हवं असतं. एकसारखी घरघर आणि अचानक होणारा खणखणाट तो गोंगाट समजून कापतो. पंखा कापला जातो ते बरंच, पण टाळ, घंटा, तबल्याची चाट आणि तानपुराही त्यातच जातात. उपाय फक्त गाणाऱ्या घरी करायचा. झूमच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ, तिथे 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' निवडा. मीटिंग सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यात त्याच नावाचं बटण येतं, ते 'ऑन' करा. नुसतं सेटिंग करून बटण विसरलात तर काही उपयोग नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. त्याच यादीतलं 'इको कॅन्सलेशन' बंद केलंत तर आवाज आणखी खुलतो, पण मग वायरचे इअरफोन हवेतच. स्पीकर चालू राहिला तर समोरच्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येईल.

ब्लूटूथ इअरफोन गाणाऱ्याने वापरू नयेत. त्यांचा माइक सुरू झाला की ते साध्या कॉलच्या पद्धतीवर उतरतात आणि आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा येतो. वायरचा माइक नसेल तर लॅपटॉपचाच वापरा. तो गायकापासून हात-दीड हातावर, टाळ मात्र मागच्या भिंतीपाशी. पेटी लॅपटॉपच्या टेबलावर ठेवू नका, भात्याचा प्रत्येक दणका माइकमध्ये जातो.

नंदू

---

प्रेषक: वैशाली (ज्येष्ठ मदत गट)
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

नमस्कार शुभाताई. तिसऱ्या प्रश्नाबद्दल. शनिवारी साडेसातला फोनशी झटापट नको असेल तर पुढचं सगळं गुरुवारीच करून घ्या. शेजारचं कोणी किंवा भाचा-पुतण्या अर्ध्या तासासाठी घरी आला तर उत्तम.

सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार: "तुझा फोन वाजलाच नाही." बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे पडलेली ॲप झोपवली जातात. फोन उघडेपर्यंत व्हॉट्सॲपचा कॉल वाजत नाही आणि उघडल्यावर एकदम चार मिस्ड कॉल दिसतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, व्हॉट्सॲप, बॅटरी असं जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. नातवाने नवा नंबर घेतला असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू असेल तर तो नंबर आजीच्या फोनमध्ये साठवेपर्यंत घंटी वाजणार नाही. ते सेटिंग बंद करू नका, फसवणुकीच्या कॉलसाठी ते चांगलं आहे. नंबर साठवा.

दुसरी तक्रार: "मागच्या वेळी झूम चालत होतं, आता आवाजच जात नाही." काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड स्वतःहून काढून घेतं. दिवाळीनंतर झूम थेट आता उघडलं तर माइक आणि कॅमेरा दोन्ही गेलेले असू शकतात. परवानगी विचारणारी चौकट आली आणि घाबरून दोनदा 'नको' दाबलं गेलं तर फोन परत विचारतही नाही. मग सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी हाताने द्यावी लागते.

तिसरं, जागा. सुप्रभातच्या फुलांनी फोन भरला की ॲप अद्ययावत होत नाही आणि जुनं झूम कधीतरी दारातच अडवतं. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, 'स्टोरेज अँड डेटा', आणि तिथे आपोआप उतरणारे फोटो-व्हिडिओ बंद. साठलेलं काढायला तिथेच 'मॅनेज स्टोरेज' आहे, मोठ्या फाइल सगळ्यात वर दिसतात. मात्र त्यांना न विचारता पुसू नका, त्यात नातवंडांचे फोटो असतात.

डेटाचा हिशोब असा: बऱ्यापैकी चित्रासाठी जाताना आणि येताना प्रत्येकी सुमारे ६०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) धरा. तासाला दोन्ही मिळून अर्धा जीबीपेक्षा थोडं जास्त. रोज १.५ जीबीच्या रिचार्जवर शनिवारचा तास आरामात बसतो. दुपारभर व्हिडिओ बघून झाले असतील तर बसत नाही. मर्यादा संपली की वेग इतका खाली येतो की चित्र थिजतं. अशा वेळी कॉल कापू नका, आधी त्यांचा कॅमेरा बंद करायला सांगा. नुसत्या आवाजाला ६० ते १०० केबीपीएस पुरतात.

रिचार्जची तारीख तुमच्याही कॅलेंडरात असू द्या. सिम बंद पडलं तरी व्हॉट्सॲप वायफायवर चालत राहू शकतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मग फोन बदलला की ओटीपीच येत नाही आणि जुनं खातं हातचं जातं.

फोन हातात धरू नये. तळाशी चार्जिंगच्या भोकाशेजारी माइक असतो आणि बोट नेमकं तिथे जातं. डाळीच्या स्टीलच्या डब्याला टेकवून, डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवा. खिडकी समोर असावी, पाठीमागे नको. पाठीमागे उजेड असला की चेहरा काळा दिसतो. ज्यांना कमी ऐकू येतं ते ओठ बघून बरंच समजून घेतात, तेव्हा हे त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे!

टीव्हीवर मोठं चित्र हवं असेल तर चित्र टीव्हीवर आणि आवाज फोनमधूनच. टीव्हीचा आवाज चालू केला की तो उशिराने येतो, फोनला तो आपलाच आहे हे कळत नाही आणि सगळ्या मीटिंगमध्ये घुमतो. एका खोलीत दोन फोन जोडले असतील तर एकाचा माइक आणि आवाज दोन्ही बंद. नुसता माइक बंद करून शिट्टी थांबत नाही.

ज्यांच्याकडे इथे स्मार्टफोनच नाही त्यांच्यासाठी घरचा साधा फोन चालतो. आमंत्रणातला इथला नंबर फिरवा, मीटिंगचा आकडा आणि हॅश, मग सहभागी क्रमांक विचारला की नुसतं हॅश, मग आकडी पासकोड आणि हॅश. माइक बंद-चालू करायला स्टार ६. शुभाताई, हे आकडे ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात असतात, ते वर मोठे करून पाठवा.

वैशाली

---

प्रेषक: मकरंद
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

दोन शंका. बहीण दुबईत आहे, तिला व्हॉट्सॲप कॉलवर घेता येत नाही, झूम चालेल का? आणि वैशालीताई, आईच्या फोनवर काय दिसतंय ते कळण्यासाठी तिला स्क्रीन शेअर करायला शिकवावं का? फोनवरून "वरचं हिरवं बटण, नाही गं, त्याच्या शेजारचं" यात वीस मिनिटं जातात.

मकरंद

---

प्रेषक: वैशाली
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

मकरंद, अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात पण कॉल अडवलेले आहेत. झूमला २०२० मध्ये परवानगी मिळाली, त्यामुळे बहिणीला शनिवारी अडचण नाही. चारही भावंडं एकत्र हवी असतील तर घरच्या कॉललाही तेच वापरा. फुकट खात्यावर ४० मिनिटं मिळतात, गूगल मीटवर तिघांपासून पुढे ६० मिनिटं.

स्क्रीन शेअर शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पोलीस किंवा तपास यंत्रणेचे अधिकारी म्हणून व्हिडिओ कॉलवर येणारे, 'डिजिटल अटक' झाल्याचं सांगून तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवणारे ठग नेमकं हेच करायला लावतात. पडदा दिसला की ओटीपीही दिसतो. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक नावाचा प्रकारच नाही, हे आईला आधी सांगा. घरात एक खुणेचा शब्द ठरवा. पैसे किंवा कुठला आकडा मागणाऱ्याला, मग आवाज तुझ्यासारखा का असेना, तिने तो शब्द विचारायचा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन. पहिल्या काही तासांत कळवलं तर खातं गोठवण्याची शक्यता जास्त.

वीस मिनिटं वाचवायची असतील तर आईच्याच मॉडेलच्या फोनचे पडद्याचे फोटो काढ, बटणाभोवती लाल गोल कर, शेजारी मराठीत १, २, ३ लिही आणि पुतण्याकडून रंगीत कागद छापून फ्रिजवर लाव. तीन पायऱ्यांच्या वर नको.

वैशाली

---

प्रेषक: अण्णा
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

नंदूचा हिशोब पटला. पण एकाच घराने गायचं आणि पन्नास घरांनी माइक बंद करून बसायचं, याला गाठभेट म्हणवत नाही. जे मुळातच एकामागून एक होतं ते निवडा. उखाणे, ओव्या, श्लोक. प्रत्येक घरी पूर्ण एक कडवं, ठेका न धरता. संपलं की पुढच्याचं नाव घ्यायचं: "आता सुमनताई." नाव घेतलं नाही तर पाव सेकंदात तिघं सुरू होतात आणि मग तिघंही गप्प. गाण्याच्या भेंड्याही रंगतात, अक्षर मात्र चॅटमध्ये टाइप करायचं, नाहीतर 'भ' की 'म' यावर वाद. वीस माणसांपलीकडे झूमच्या छोट्या खोल्या करून पाच-पाच जणांना दहा मिनिटं सोडा. खऱ्या गप्पा तिथेच होतात.

खरोखर सगळ्यांच्या आवाजात एक भजन हवं असेल तर पाडव्यासाठी ध्वनिमुद्रण करू. एकाने पेटी-तबल्याचा पाया मुद्रित करायचा, स्वर काळी एक (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सा), लय ठरलेली, सुरुवातीला तीन टाळ्या. बाकीच्यांनी तो एका फोनवर इअरफोनने ऐकायचा आणि दुसऱ्या फोनवर नुसता आपला आवाज मुद्रित करायचा. पायातल्या टाळ्यांबरोबर आपणही टाळ्या वाजवायच्या, म्हणजे जोडताना त्या एकमेकींखाली बसवता येतात. फाइल व्हॉट्सॲपने पाठवाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून, व्हॉइस मेसेज म्हणून नको, त्यात आवाज दाबला जातो. जोडायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पन्नास आवाज आले तर 'स' आणि 'श' वर फुसफुस होते. चार-पाच आवाज पुढे ठेवून बाकीचे निम्म्याहून खाली घ्यावेत.

वेळेबद्दल एक. ८ मार्चला इथली घड्याळं एक तास पुढे जातील, भारतातली जाणार नाहीत, आणि इंग्लंडची २९ मार्चला. या तीन आठवड्यांत दर वर्षी कोणीतरी तासभर रिकाम्या मीटिंगमध्ये बसतं.

अण्णा

---

प्रेषक: शुभा (सांस्कृतिक समिती)
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

सर्वांचे आभार. ठरलं ते असं.

भारताची वेळ कायम: शनिवारी संध्याकाळी ७:३०. दुबईत ६. इथे ७ मार्चपर्यंत सकाळी ९, १४ मार्चपासून १०. लंडनला २८ मार्चपर्यंत दुपारी २, ४ एप्रिलपासून ३.

पहिली पंधरा मिनिटं नंदूदादांच्या घरून भजन (ओरिजिनल साउंडचं बटण, दादा!), मग वीस मिनिटं उखाणे आणि ओव्या नाव घेऊन, उरलेला वेळ पाच-पाचच्या खोल्या. लिंक आणि साध्या फोनचे आकडे गुरुवारी मोठ्या अक्षरात येतील. भारतातल्या फोनची तालीम शुक्रवारी तिकडच्या संध्याकाळी ७ ते ८, वैशाली लाइनवर असेल.

पाडवा गुरुवारी १९ मार्चला आहे. तिकडे सकाळी साडेसातला गुढी उभारताना बघायची तर इथे बुधवारी रात्री १०. लंडनकरांसाठी ती वेळ रात्री २ ची आहे, त्यांना मुद्रण पाठवू. अण्णा, पायाचं ध्वनिमुद्रण १ मार्चपर्यंत मिळेल का? काळी एक बायकांना खाली जाते, काळी चार चालेल का ते कळवा.

शुभा