मिरचीचा बोकड्या: पंप की जाळी?

मळेकरी, जुन्नर: बोकड्या (पानं आकसून वळणं) दिसला की दर चौथ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीला, हे थांबवा. बहुतेक वेळा त्यामागे किडींनी पसरवलेला विषाणू असतो, आणि विषाणूवर औषध नाही. लागण झालेलं झाड फवारून बरं होत नाही. पैसा पहिल्या ४० दिवसांवर घाला. रोपं ५० मेश (इंचाला ५० छिद्रं) नायलॉन जाळीत, दाराला दुहेरी पडदा. लागवडीआधी १५-२० दिवस कडेनं मक्याच्या दोन-तीन दाट ओळी, किडीला अडसर म्हणून. मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर (काळी वर असलेले प्लॉट पाहिले की हात जोडावेसे वाटतात).

शेडनेटवाला, तळेगाव: ५० मेश पांढरी माशी अडवते, त्याहून बारीक फुलकिडा (थ्रिप्स) आत शिरतोच. शिवाय एप्रिलमध्ये त्या जाळीत हवा कोंडते, ढोबळीची फुलं गळतात. पंप सोडून कसं भागेल?

मळेकरी: जाळी रोपवाटिकेपुरतीच म्हणतोय, फुलांचा प्रश्न येतोच कुठे?

बांधावरून, खेड: आधी पान बघा की! कडा वर वळून द्रोण झाला तर फुलकिडे. कडा खाली, देठ लांब तर कोळी (डोळ्यांना जेमतेम दिसणारी माइट कीड). हे किडीचं नुकसान, यामागे विषाणू असतोच असं नाही. पानं बारीक, शिरा पिवळ्या, शेंडा झुपकेदार असेल तर पांढऱ्या माशीनं पसरवलेला लीफ कर्ल (पानं गुंडाळणारा विषाणू) धरा.
फवारणीचा फायदाही वाहकावर, म्हणजे विषाणू नेणाऱ्या किडीवर ठरतो. मावा सोंड टोचून काही क्षणांत मोझॅक (पानावर फिकट-गडद चट्टे आणणारा विषाणू) देऊन जातो, औषध त्याला मारेपर्यंत काम झालेलं असतं. पांढऱ्या माशीला विषाणू घेऊन पुढे द्यायला काही तास लागतात, तिथे औषधाला वाव आहे. फुलकिडा विषाणू पिल्लावस्थेतच घेतो. प्रौढ पकडण्यापेक्षा बांधावरचं गाजरगवत काढणं आधी.

शेडनेटवाला: म्हणजे माशीवर फवारणी चालते, हेच तर मी म्हणत होतो.

मळेकरी: चालते, पण काय फवारता? इमिडाक्लोप्रिड, मग थायोमेथोक्झाम, मग अ‍ॅसिटामिप्रिड. डबे तीन, गट एकच (निओनिकोटिनॉइड), म्हणजे किडीवर मारा एकाच पद्धतीचा. वर पायरेथ्रॉइड (दुसऱ्या गटातलं कीटकनाशक) मारलं की मित्रकीटक मरतात आणि कोळी उसळतो.

शेडनेटवाला: गट बदलतो, त्यात वाद नाही. पण शेजारी जुना टोमॅटो उभा असला तर तुमचा मका किती अडवणार?

बांधावरून: तो प्लॉट आधी मोडायला लावा. आणि रोगट झाड उपटताना आधी त्यावर फवारा, मग पिशवी घालून काढा. नुसतं हलवलं की माश्या शेजारच्या ओळीत. फळधारणा झाल्यावर उपटत बसू नका, परवडत नाही.