राजकारणावर बोलताना तुटलेली माणसं, परत जुळलेली माणसं – तुमचे अनुभव सांगा (कोल्हापूर)

गंगावेसकर

मंडळी, धागा मुद्दाम काढतोय. परवा रात्री दूध कट्ट्यावर उभा होतो. शेजारी दोघंजण, पन्नाशीच्या पुढचे, चांगले ओळखीचे वाटत होते एकमेकांच्या. शहराच्या हद्दवाढीवरून (आजूबाजूची गावं महापालिकेत घ्यायची का नाही) सुरू झालं आणि पाच मिनिटात आईबापापर्यंत गेलं. दूध हातात तसंच, फेस बसून गेला तरी कुणी घोट घेतला नाही. शेवटी एकजण म्हणाला, "ये बिंदू चौकात, बघतोच तुला."

ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातनं जाईना. कारण बिंदू चौकात या ह्याचा अर्थ आमच्या वडिलांच्या तोंडात वेगळा होता. तू तुझी कागदं घेऊन ये, मी माझी आणतो, समोरासमोर बोलू आणि लोक ठरवतील. त्या चौकात १९५० पासून फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा आहे, बाबासाहेबांचा तर ते हयात असताना बसवलेला. किती सभा झाल्या असतील तिथं, लोक उभं राहून विरोधातलं भाषणसुद्धा शेवटपर्यंत ऐकायचे असं वडील सांगायचे. आणि आता तीच हाक दमदाटीची झाली.

तर तुमच्या घरात, गल्लीत, ग्रुपवर काय झालं ते लिहा. काय बिघडलं, आणि सावरलं असेल तर कशानं सावरलं. कुठला पक्ष, कुठला गट बरोबर हे कृपा करून इथं नको.

उचगावचा

तुम्ही हद्दवाढीचं काढलंच आहे तर लिहितो. माझा मेव्हणा राजारामपुरीत, मी उचगावात. महापालिका झाली १९७२ ला आणि शहराची हद्द अजून तेवढीच आहे, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत जेवायला बसलो होतो आणि तो म्हणाला, तुम्हाला आमची केएमटी बस पाहिजे, दवाखाने पाहिजेत, कॉलेज पाहिजे, फक्त घरफाळा द्यायला नको. मी म्हणालो तुम्हाला आधी आहे ते शहर सांभाळता येतंय काय ते बघा, रस्ते बघा तुमचे. मग तो मला फुकटा म्हणाला, मी त्याला काय म्हणालो ते लिहित नाही. बहीण मधी रडत उभी. सात महिने आमचं येणंजाणं बंद, जोतिबाची यात्रा एकत्र करायचो ती पण चुकली.

सावरलं ते आमच्या आण्णांमुळं. वय ८०, शाळा चौथी. दोघांना समोर बसवलं आणि म्हणाले, तू त्याची बाजू सांग आणि तू ह्याची सांग, आणि तो जोपर्यंत व्हय माझं म्हणणं हेच हाय म्हणत नाही तोपर्यंत स्वतःचं बोलायचं न्हाई. मला वाटलं सोपं आहे. तीनदा सांगितलं, तीनदा मेव्हणा म्हणाला नाही, हे माझं म्हणणं नाही. चौथ्यांदा कळलं की त्याला आमच्या घरफाळ्याशी काही देणंघेणं नाही, त्याची पोरगी पुण्याला गेली नोकरीला, शहर वाढलं नाही म्हणून इथं काही येत नाही असं त्याला मनापासनं वाटतंय. आणि माझं काय, तर माझी २२ गुंठे जमीन आहे, उद्या तिच्यावर सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलं तर मी कुणाकडं जाऊ. हे मी त्याला आधी कधी बोललोच नव्हतो, नुसतं रस्ते रस्ते करत होतो.

मी अजून हद्दवाढीच्या विरोधातच आहे, तो बाजूनंच आहे. पण आता तो मला फुकटा म्हणत नाही आणि मीही त्याची बाजू दुसऱ्याला नीट सांगू शकतो.

माजी मास्तर

उचगावकर, तुमच्या आण्णांनी जे केलं त्याला जुन्या शास्त्रात पूर्वपक्ष मांडणे म्हणतात. आधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं मांडायचं, मगच आपलं उत्तर. न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार वेगळे केलेले आहेत. वाद खरं काय ते कळावं म्हणून, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःची काही बाजूच मांडायची नाही, नुसतं दुसऱ्याचं पाडत जायचं. आपण टीव्हीवर रोज रात्री बघतो ते तिसऱ्यात बसतं असं माझं मत.

माझा अनुभव थोडा कमीपणाचा आहे पण सांगितला पाहिजे. मी ३१ वर्षं इतिहास शिकवला. निवडणुकीच्या आधी एका नेत्याच्या नावावरचं एक वाक्य आलं, वाचून संताप झाला, मी ते चार ग्रुपवर पाठवलं. अर्ध्या तासात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. ग्रुपवर काही लिहिलं नाही त्यानं, फोन केला. "सर, हे वाक्य कुठनं आलं? मला कुठं सापडंना." शोधलं तर मलाही सापडलं नाही. म्हणजे मी वर्गात ज्याला पुरावा पुरावा म्हणून शिकवलं त्यानं मला तोच प्रश्न विचारला. चारही ग्रुपवर चूक झाली म्हणून लिहिलं, हात थरथरत होते लिहिताना.

आणि त्या रात्री मला १८८२ आठवलं. टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते ते आपल्या कोल्हापूर प्रकरणामुळं. इथल्या तरुण महाराजांचा छळ चाललाय, त्यात दिवाण बर्वे आहेत, असं त्यांनी छापलं, आधाराला पत्रं होती. खटल्यात ती पत्रं बनावट निघाली. हेतू स्वच्छ होता, महाराजांची काळजी खरी होती, तरी कागद खोटा तो खोटाच. त्यांनी चूक कबूल केली, शिक्षाही भोगली. पुढं त्याच दोघांचं आपापसात इतकं फाटलं की आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ ला सुधारक काढला, पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. मुलांना हे शिकवताना मी नेहमी सांगायचो की दीडशे वर्षांपूर्वीचं आहे म्हणून लांबचं समजू नका.

त्या विद्यार्थ्यानं चारचौघात न विचारता फोन केला, ह्याचं मोल मला फार वाटतं. ग्रुपवर विचारलं असतं तर मी कदाचित अडून बसलो असतो.

दूध संस्थेतली ताई

मी संस्थेत सेक्रेटरीच्या हाताखाली काम करते, ११ वर्षं झाली. जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत संस्थेतर्फे मत कुणी द्यायचं, म्हणजे ठराव कुणाच्या नावानं करायचा, ह्यावरून गावात काय होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको, भाऊ भावाच्या दारात जात नाही. आमच्या संस्थेच्या मीटिंगला दोन्ही गट आरडाओरडा करत होते, एकजण म्हणतो आमच्या काळात दर जास्त, दुसरा म्हणतो आमच्या काळात फरक (दिवाळीला मिळणारी जादा रक्कम) जास्त. मी म्हणाले आकडे माझ्याकडं आहेत. तर एक काका म्हणाले, तुला काय कळतंय गं त्यातलं, चहा बघ. तेच काका रोज सकाळी फॅट किती लागली ते मलाच विचारतात.

मी भांडले नाही, पण गप्प पण बसले नाही. दहा-दहा दिवसांची बिलं काढली, पाच वर्षांची, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) प्रमाणं दर आणि दिवाळीचा फरक एका कागदावर मांडला आणि दोन्ही बाजूला एकेक झेरॉक्स दिली. काही वर्षं ह्यांचं खरं निघालं, काही त्यांचं. त्यानंतर तासभर बोलणं झालं आणि पहिल्यांदा कुणाचा आवाज चढला नाही. काका आता ताई म्हणतात. सभ्य बोला म्हणताना बायकांना बोलूच न देणं ह्याला पण असभ्यपणाच म्हणा, एवढंच माझं म्हणणं.

सिद्धार्थनगरातून

ताईंना शंभर टक्के अनुमोदन, आणि मी थोडं पुढं जाऊन बोलतो, राग मानू नका. सभ्यतेनं बोला हे सांगितलं जातं ते नेहमी ज्याला लागलंय त्याला. ज्यानं मारलं त्याचा आवाज शांतच असतो कारण त्याला ओरडायची गरज नसते. कॉलेजात माझ्यासमोर आरक्षणावर एकजण इतक्या गोड भाषेत बोलला, एकही शिवी नाही, आणि माझ्या आज्जीनं जे भोगलं ते सगळं त्यानं दोन वाक्यात खोटं ठरवलं. मी चिडलो तर सगळे म्हणाले बघा ह्याला चर्चा करता येत नाही.

शाहू महाराजांनी १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या तेव्हा विरोध करणारे काय कमी शिकलेले होते का. आणि १९२० ला माणगावच्या अस्पृश्यांच्या परिषदेत महाराज स्वतः आले आणि बाबासाहेब तुमचे पुढारी आहेत हे जाहीर सांगितलं. राजा माणूस समोर बसून ऐकतो ह्याला मी सभ्यता म्हणतो. नुसती भाषा गोड असून काय करायचं.

गंगावेसकर

राग कशाला येईल, हे आधीच यायला पाहिजे होतं. धागा काढताना माझ्या डोक्यात शिवीगाळच होती. गोड बोलून माणसाला खोटं पाडणं हेही तेवढंच वाईट, हे तुमच्यामुळं लक्षात आलं. पण एक विचारतो, त्या मुलाशी परत कधी बोलणं झालं का?

सिद्धार्थनगरातून

झालं. एक वर्षानं. त्यालाच मी घरी आणलं, आज्जीच्या समोर बसवलं. आज्जी बोलली, तो ऐकत होता. जाताना पाया पडला. मत बदललं का माहीत नाही, विचारलं नाही.

लक्ष्मीपुरीतलं दुकान

७ जून २०२३. तारीख विसरणार नाही. कुणाच्यातरी स्टेटसवरून सुरू झालं, शिवाजी चौकात जमाव, मग दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. शाहूंच्या गावात हे होतंय ह्यावर विश्वास बसत नव्हता. माझ्या शेजारचं दुकान वेगळ्या धर्माच्या माणसाचं आहे, आमच्या दोघांच्या वडिलांपासनं शेजार. त्या दिवशी दोघांनी शटर ओढलं आणि एकमेकांकडं बघितलं सुद्धा नाही, मला त्याची भीती वाटली का त्याला माझी, आजपण सांगता येत नाही.

नेट सुरू झालं तसं माझ्या पोरानं उत्तर म्हणून एक स्टेटस लावलं. ते बघून मीच हादरलो. मी ओरडलो तर ऐकणार नाही हे माहीत होतं म्हणून तालमीतल्या वस्तादांकडं नेलं. वस्ताद जास्त बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "खासबागेत कुस्ती धरतोस तवा आधी काय करतोस?" पोरगं म्हणालं हात मिळवतो. "आणि समोरचा चितपट झाला की?" पोरगं म्हणालं उठवतो त्याला. "मग मोबाईलवर कुस्ती धरताना हात कुणाशी मिळवलास रं? समोर हाय कोण?" पोरगं गप्प. तिथंच स्टेटस काढलं.

मी दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात चहा घेऊन गेलो. पहिला घोट घ्यायला दोघांनाही वेळ लागला. त्यावेळचं राजकारण अजून बोललो नाही आम्ही, कधीतरी बोलावं लागेल.

टोलवाला (आंदोलनातला)

माझं थोडक्यात. शहरातल्या रस्त्यांवर लावलेल्या टोलच्या विरोधातल्या आंदोलनात मी पहिल्यापासून होतो. सर्वपक्षीय कृती समिती म्हणजे काय ते कोल्हापूरकडनं शिकावं, निवडणुकीत एकमेकांचं डिपॉझिट घालवायला निघालेली माणसं एका सतरंजीवर बसायची. शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर बोलायला उठले की आवाज न चढवता करार, खर्च, रस्त्याचा दर्जा, एकेक मुद्दा काढायचे. जानेवारी २०१४ ला नाके जाळले गेले, तेव्हा माझंही रक्त तापलेलं, खोटं कशाला बोलू. पण टोल त्या जाळपोळीनं गेला नाही, रस्त्यांचं फेरमूल्यांकन करायला लावलं, आकड्याला आकडा भिडला आणि डिसेंबर २०१५ ला रद्द झाला.

त्या सतरंजीवर कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे, आमचे पानसरे आण्णा, पण असायचे. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या. २० ला आण्णा गेले. टोल गेलेला त्यांनी बघितला नाही. मला त्यांची सगळी मतं पटायची नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालायला मिळायचा ह्याचंच मला अप्रूप होतं. त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेला निर्भय मॉर्निंग वॉक निघायचा, त्यात मी चाललोय. विरोधात बोलणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका नसला पाहिजे, बाकी सगळे नियम त्याच्यानंतरचे.

शाळेचा ग्रुप

आमच्या दहावीच्या ग्रुपवर १४ जण बाहेर पडले एका निवडणुकीत. परत आले तेव्हा एकच ठरवलं, जे तोंडावर म्हणणार नाही ते लिहायचं नाही. दोन वर्षं झाली, टिकलंय.

पंचगंगेकाठचा

शेवटी मी लिहितो, उशीर झाला. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी. शाळेतल्या छावणीत शेजारच्या गादीवर कोण, तर गल्लीतला विरोधी गटाचा कार्यकर्ता, ज्याच्याशी महापालिका निवडणुकीपासून बोलणं नव्हतं. पाच दिवस एकाच ताटातलं खाल्लं म्हणायला हरकत नाही. पण पाणी उतरल्यावर परत भांडण. तो म्हणायचा सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं, मी म्हणायचो पूररेषेत बांधकामं कुणी केली, हायवेचा भराव कुणी घातला. तो मला कर्नाटकचा एजंट म्हणाला, मी त्याला बिल्डरचा माणूस म्हणालो. दोघांचीही घरं बुडालेली, आणि आम्ही एकमेकाला विकलेला म्हणतोय.

मग एक दिवस त्यानंच वही आणली. म्हणाला रोज लिहू, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मी लिहितो, अलमट्टीचा साठा आणि विसर्ग तू लिही, आणि पाऊस दोघांनी. २०२१ चा पूर त्या वहीत आहे. अलमट्टीची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायचं घाटतंय त्याला दोघांचाही विरोध आहे, पण पुराचं मुख्य कारण काय ह्यावर अजून एकमत नाही. वहीत काही दिवस त्याच्या बाजूनं दिसतात, काही माझ्या, आणि काही दिवसांचं दोघांनाही कळत नाही, तिथं आम्ही नुसती रेघ मारून ठेवलीय.

बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. काल रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला, दुसरं काही नाही, ३३. मी उठून विसर्ग बघितला आणि पाठवला.